मेपलखालची खुर्ची

हॅडली हाइट्स आणि वेस्टमोर या दोन शहरांत कुठे, काय, किती वाजता आहे, हे माझ्याइतकं कुणालाही ठाऊक नाही! ही बढाई नव्हे, छापील गोष्ट आहे. दर बुधवारी आमच्या साप्ताहिकाच्या तिसऱ्या पानावर ‘या आठवड्यात’ नावाचं सदर येतं, खाली नॉर्बर्ट हॉर्वाथ असं नाव असतं, आणि तो नॉर्बर्ट हॉर्वाथ म्हणजे मी. अग्निशमन दलाचा पॅनकेकचा नाश्ता, वाचनालयातली जुन्या पुस्तकांची विक्री, कुत्र्यांच्या लशी, नगरपरिषदेच्या बैठका, कुठल्या गल्लीचं पाणी कधी बंद... सगळं माझ्या डोक्यात! एकोणीस वर्षांत एक तारीख चुकलेली नाही. माझी बायको पॉलीन म्हणते, "लग्नाचा वाढदिवस सोडून." तो सदरात बसत नाही, त्याला मी काय करणार?

आता ही दोन शहरं म्हणजे काय, तर डिव्हिजन स्ट्रीटच्या मधोमध एक पिवळी रेघ आहे. रेघेच्या उत्तरेला आमचं हॅडली, दक्षिणेला वेस्टमोर. रेघेवर उभं राहून कुणी शिंकला, तर दोन्ही नगरपालिकांना कळवावं लागेल, इतकं सगळं वेगळं आहे. एकच गोष्ट दोघांची मिळून, ती म्हणजे चार जुलैची, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक. ती याच रस्त्यानं जाते. आणि आदल्या दिवशी सकाळी सात वाजल्यापासून लोक दोन्ही कडांना आपापल्या घडीच्या खुर्च्या मांडून ठेवतात. रिकामी खुर्ची म्हणजे धरलेली जागा! तिला कुणी बोट लावत नाही. आमच्याकडे लोक गाडीला कुलूप लावतील, दाराला तीन कड्या घालतील, पण खुर्ची दिवसभर खुशाल रस्त्यावर सोडतील.

तर तीन जुलै, गुरुवार. सकाळी सातला आमच्या दोन खुर्च्या मी उत्तरेच्या कडेला मांडल्या आणि शेजारच्या आयरीनबाईंकडे गेलो. आयरीनबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. नवरा स्टॅन ड्व्होराक फेब्रुवारीत गेला. घर विकलंय, आणि येत्या सोमवारी त्या लेकीकडे टूसॉनला जाणार, कायमच्या. व्हरांडाभर खोकी, आणि त्या खोक्यांच्या मधे बाई हातात एक खुर्ची घेऊन उभ्या. अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्या.

"नॉर्ब, एवढी पलीकडे मेपलखाली ठेवशील? आमच्या नेहमीच्या जागेवर. दरवर्षी स्टॅन जायचा रे."

त्या मेपलखाली स्टॅनला अशाच हिरव्या-पांढऱ्या खुर्चीत मी बेचाळीस वर्षं पाहत आलोय. रस्त्यापलीकडून हात करायचा. पाऊस असो, ऊन असो, बँड आला की आधी हा उठून उभा!

"आयरीनबाई, ही माझी जबाबदारी! उद्यापर्यंत हिला वारासुद्धा लागणार नाही."

"वारा लागला तर लागू दे. जागा तेवढी जायला नको. शेवटचं वर्ष आहे माझं."

मी ती खुर्ची देव्हाऱ्यातली मूर्ती न्यावी तशी दोन्ही हातांनी नेली. मेपल दक्षिणेच्या कडेला, म्हणजे वेस्टमोरच्या हद्दीत. खुर्ची मांडली, दोनदा हलवून पाहिली, आणि मग चर्चच्या हॉलमध्ये रुबार्ब पाय या गोड खाद्यपदार्थाच्या स्पर्धेची बातमी घ्यायला गेलो. बातमी सविस्तर घ्यावी लागते. मी अकरा पायची सविस्तर बातमी घेतली.

साडेनऊला परत आलो आणि पाहतो तर दक्षिणेची कड साफ! साठ-पासष्ट खुर्च्या होत्या तिथे, एकही नाही! उत्तरेची कड गच्च भरलेली, त्यात आमच्या दोन खुर्च्या ऐटीत उभ्या. मेपलखाली फक्त सावली.

अकरा पाय पोटात घेऊन मी झाडाभोवती दोनदा धावलो.

पलीकडे सात-आठ माणसं जमली होती. मला पाहिल्याबरोबर त्यांनी वाट करून दिली. आदरानं नव्हे.

"या, या संपादकसाहेब!" एकजण म्हणाला. "वेस्टमोरची मोठ्या कचऱ्याची, सोफे-गाद्या नेणारी गाडी येऊन गेली. पंजानं उचलल्या सगळ्या!"

"शक्यच नाही! ती शनिवारी आहे! मी छापलंय!"

"तेच वाचून ठेवल्या ना आम्ही!"

"आणि याच्या बघा, याच्या खुर्च्या कशा शाबूत!" एक बाई म्हणाल्या. त्यावर सगळ्यांनी आधी माझ्या खुर्च्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. असं मला आजवर फक्त कर खात्याच्या माणसानं पाहिलं आहे.

मी उलट्या पावली घरी पळालो. "पॉलीन! गाडीत बस!"

"काय पेटलं?"

"स्टॅनची खुर्ची कचऱ्यात गेली!"

पॉलीननं हातातला बटाट्याच्या सॅलडचा चमचा तसाच धरून गाडीचं दार उघडलं. आयरीनबाईंवर तिचा माझ्याहून जास्त जीव. गाडी चालू झाल्यावर तिनं एकच प्रश्न विचारला, "तू ठेवलीस?" मी हो म्हटलं. त्यावर तिनं पट्टा ओढून लावला आणि चमचा समोरच्या रस्त्याकडे रोखला.

वेस्टमोरच्या नगरपालिकेत खिडकीवर ग्वेन बसते. तिला मी एकोणीस वर्षं ओळखतो. तिनं चष्म्यावरून पाहिलं.

"गाडी आजच होती, मिस्टर हॉर्वाथ."

"ग्वेन, सुट्टी आली की गाडी एक दिवस पुढे जाते! शुक्रवारची शनिवारी! जगाच्या आरंभापासून!"

"एरवी जाते. यंदा मिरवणुकीच्या आधी रस्ता स्वच्छ हवा म्हणून एक दिवस अलीकडे घेतली. जूनच्या बैठकीत ठरलं. तुम्ही पहिल्याच रांगेत होतात की!"

"मी... शेवटपर्यंत नव्हतो."

"हो. अकराव्या विषयानंतर तुम्ही दोन बिस्किटं घेऊन उठलात. हा बारावा."

मागून पॉलीनचा आवाज आला, "दोनच?"

"ते जाऊ दे!" मी म्हणालो. "खुर्च्या कुठे आहेत?"

"काउंटी रोडच्या कचरा डेपोत. पण तक्रार करायची तर अर्ज वेस्टमोरच्या रहिवाशानं करायचा. तुम्ही हॅडलीचे."

"खुर्ची तर वेस्टमोरच्या कडेला होती!"

"खुर्ची रहिवासी नाही, मिस्टर हॉर्वाथ."

"मग डेपोला फोन तरी कर!"

"तीनदा केला. सुट्टीच्या आदल्या दिवशी कोण उचलतंय?" मग ती जरा पुढे वाकली आणि हळूच म्हणाली, "अर्जाच्या नादी लागू नका. दाबयंत्र बाराला सुरू होतं. सगळं चेपून मोकळे होतात आणि सोमवारपर्यंत कुलूप. पळा!"

घड्याळात पावणेअकरा. डेपो वीस मिनिटांवर. म्हणजे वेळ भरपूर, असं मी पॉलीनला म्हणणार तोच खिशातला फोन वाजला.

"नॉर्ब, मी आयरीन. सामानवाले आलेत, मला काही बाहेर पडता येत नाही. जागा ठीक आहे ना रे?"

पॉलीननं डोळे वटारले. खरं सांग, असा त्याचा अर्थ होता. मी सांगणारच होतो. पण पाच महिन्यांपूर्वी नवरा गेलेल्या, उरलेलं आयुष्य खोक्यांत भरत असलेल्या बाईला फोनवर कसं सांगायचं, की तुमच्या नवऱ्याची खुर्ची मी लोखंडी पंज्यात दिली?

"एकदम ठीक! आत्ताच पाहून आलो. काय सावली पडलीये तिथे!"

"बरं झालं. मला कालपासून त्याचीच धास्ती," त्या म्हणाल्या. "तेवढं मिळालं की मी सुखानं जाईन बघ."

मी फोन ठेवला. मला रडू यायला लागलं होतं, आणि मी ते शिंक म्हणून काढलं. पॉलीननं सॅलडचा चमचा ग्वेनच्या खिडकीवर आपटला. "आता चल!"

बाहेर येऊन पाहतो तर माझ्या गाडीमागे चौदा गाड्या! खुर्च्या गेलेली सगळी मंडळी मला शोधत आली होती. "तू जाशील तिथे आम्ही येणार!" असं त्यांनी खिडकीतून बजावलं. आता चार जुलैच्या आदल्या दिवशी आमच्याकडे कुणाच्या गाडीला झेंडा नसतो? पंधरा गाड्या, पंधरा झेंडे, सगळ्यात पुढे माझी, तिच्या दारावर साप्ताहिकाचं नाव ठळक अक्षरांत. निघालो. तर वेस्टमोरच्या मुख्य रस्त्यावर लोक फूटपाथवर यायला लागले! हात हलवायला लागले! एका आजीनं खुर्ची आणून ठेवली. न्हाव्यानं अर्ध्या कापलेल्या गिऱ्हाइकाला बाहेर आणलं.

"यांना वाटतंय मिरवणूक सुरू झाली," पॉलीन म्हणाली. "हात हलव. नाहीतर वाईट दिसेल."

मी हात हलवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिरवणुकीत गाड्यांतून पोरांसाठी गोड गोळ्या उधळायच्या असतात, त्या कुणी उधळेना म्हणून "गोळ्या! गोळ्या!" असा ओरडा झाला आणि तीन कुटुंबं सरळ रस्त्यात उतरली. रांग खोळंबली. अकरा वाजून दहा मिनिटं! मी हॉर्न वाजवला, तर मागच्या चौदांनीही वाजवला, आणि लोक आणखीच खूश झाले.

मागून निळे-लाल दिवे आले. वेस्टमोरचा पोलीस डफी! चांगला आडवा-उभा गडी, पण नियमाचा पक्का.

"मिस्टर हॉर्वाथ, दहाच्या वर गाड्या, झेंडे लावून, एका रांगेत. याला या शहरात मिरवणूक म्हणतात. परवाना?"

"डफी, परवाना नाही, पण..."

"नियम तर तुमच्याच सदरात वाचला मी. ‘परवान्याशिवाय मिरवणूक काढू नये.’ अगदी चौकटीत!"

अकरा पंधरा. माझं डोकं बधिर झालं, आणि अशा वेळी माझं तोंड माझी परवानगी घेत नाही.

"ही मिरवणूक नाही, अंत्ययात्रा आहे!"

अंत्ययात्रेला आमच्याकडे परवाना लागत नाही. उलट सगळ्यांना थांबून वाट द्यावी लागते. डफीनं टोपी काढली. पॉलीननं डोळे मिटले.

"कुणाची?"

"स्टॅन ड्व्होराकची."

डफीचा चेहरा पडला. मग त्याला काहीतरी आठवलं. "स्टॅन फेब्रुवारीत गेले ना? मी स्वतः खांदा दिला होता!"

"हो... तशी ही राहिलेली आहे."

"काय राहिलं होतं?"

"आणि दफनभूमी त्या बाजूला आहे," मागच्या गाडीतून कुणीतरी उगाच मदत केली. "आम्ही कचरा डेपोला चाललोय."

डफीनं टोपी पुन्हा घातली आणि खिशातून पावतीपुस्तक काढलं. तेव्हा पॉलीन खाली उतरली. चमचा हातातच. तिनं चार वाक्यांत सगळं सांगितलं: स्टॅनची खुर्ची, आयरीनबाईंचं शेवटचं वर्ष, दाबयंत्र, आणि "हा माझा नवरा". शेवटचं वाक्य तिनं असं म्हटलं की आधीच्या तिन्हींचा खुलासा त्यातच झाला.

डफीनं पावतीपुस्तक मिटलं. "मला बेसबॉल शिकवला स्टॅननी," तो म्हणाला. "सात वर्षं. मी एकदाही नीट चेंडू मारला नाही, आणि एकदाही ते ओरडले नाहीत." मग ते पुस्तक खिशात. "माझ्या मागे या. अंतर सोडू नका!"

आणि काय सांगू तुम्हाला! सायरन लावून डफी पुढे, मागे आम्ही पंधरा गाड्या, दोन्ही बाजूंना लोक टाळ्या वाजवतायत. तरी त्या रस्त्यात उतरलेल्या कुटुंबांना बाजूला करता करता साडेअकरा झाले. रेल्वेच्या फाटकाशी मालगाडी लागली. मी डबे मोजले. सत्त्याण्णव! डेपोच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा बाराला आठ कमी होते.

आत डोंगराएवढा ढीग, आणि त्यापलीकडे ते दाबयंत्र. त्याचा मुकादम लमार, कानांवर मोठी आवाजरोधक झाकणं लावून, सँडविच खात होता.

"थांबवा!" मी ओरडलो. त्यानं एक झाकण वर केलं. "खुर्च्या! डिव्हिजन स्ट्रीटच्या खुर्च्या!"

"अच्छा, त्या!" लमार म्हणाला. "मी म्हटलंच, वेस्टमोरवाल्यांनी एकदम सगळ्या खुर्च्या का टाकल्या? वाटलं, सोफे कुठेतरी स्वस्त मिळाले असतील."

"त्या जागा धरायला ठेवल्या होत्या!"

"कडेला ठेवलं म्हणजे कचरा, साहेब. गाडीच्या दिवशी कडेला कुणी आजोबा उभे असते तरी आमच्या पोरांनी विचारलं असतं, आत टाकायचे का?"

बाकीची मंडळी ढिगावर तुटून पडली. ज्याला जी मिळेल ती त्याची, शिवाय ‘ही माझी’, ‘ती माझी’ म्हणून दोन भांडणं. पण मला कुठलीही चालणार नव्हती! आणि निम्म्या खुर्च्या हिरव्या-पांढऱ्या! सगळं गाव एकाच दुकानातून खुर्च्या घेतं. कशी ओळखू? मग तळहाताकडे लक्ष गेलं. सकाळी खुर्ची उचलताना काहीतरी टोचलं होतं, ओरखडा अजून ताजा होता. मी एकेक खुर्ची उलटी करून पाहायला लागलो. नाही. नाही. हीही नाही. बाराला चार.

"नॉर्ब!" पॉलीन किंचाळली. "तिकडे!"

यंत्राच्या तोंडात पहिली खेप आधीच भरून ठेवलेली होती. एक मोडकं कपाट, दोन गाद्या आणि त्यांच्यामधून वर आलेले अ‍ॅल्युमिनियमचे दोन पाय. पाठीच्या एका पट्टीला तांब्याची तार गुंडाळलेली, तिचं टोक बाहेर आलेलं.

"हीच! काढा ती!"

"तोंडात गेलेलं मी काढत नाही," लमार म्हणाला. "माणसाचा हात जातो, साहेब. नियम आहे."

मग मला काय झालं कोण जाणे. मी त्या यंत्रापुढे आडवा उभा राहिलो आणि बोलायला लागलो. "लमार, ती तार बघ! साधी पट्टी सुटली, तर दुसऱ्या कुणी खुर्ची फेकून दिली असती. स्टॅननं तार आणली, तीन वेढे दिले, टोक वळवलं! अशी माणसं आता होत नाहीत! या तारेत त्या माणसाचा अख्खा स्वभाव आहे! ती चेपायची असेल तर आधी मला चेप!"

ढिगावरची भांडणं थांबली. डफीनं पुन्हा टोपी काढली. लमारनं सँडविच खाली ठेवलं, दुसरंही झाकण काढलं, आणि भिंतीवरचा लाल खटका खाली ओढला. यंत्राची घरघर बंद झाली तेव्हा बाराला एक मिनिट होतं. लमार आणि डफीनं मिळून गाद्या ओढल्या. खुर्ची बाहेर आली. एक पाय किंचित वाकला होता, तो लमारनं स्वतःच्या गुडघ्यावर सरळ केला.

"माझा बापही असाच होता," तो म्हणाला. "तार आणि चिकटपट्टी!"

येताना ती खुर्ची पॉलीनच्या मांडीवर होती. पॉलीन मधेच म्हणाली, "ही तार कुठेतरी पाहिल्यासारखी वाटते." मी म्हटलं, "बेचाळीस वर्षं पाहतेस!" रात्री खुर्ची आमच्या बैठकीच्या खोलीत ठेवली. मी तिला ओल्या फडक्यानं पुसली, तारेला तर दोनदा.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला मी खुर्ची घेऊन निघालो. मागून पॉलीन. दक्षिणेच्या कडेला सगळ्या खुर्च्या परत मांडलेल्या, लोक मला पाहून चक्क हात करत होते. डफी आडोशाला उभा होता, त्यानंही मान लववली. मी ठरवलं होतं, सगळं खरं सांगायचं. खुर्ची हाती देऊन मग सांगायचं.

मेपलखाली पोचलो आणि जागेवरच थबकलो. आयरीनबाई आधीच येऊन बसल्या होत्या. दोन खुर्च्यांपैकी एकीत त्या स्वतः, आणि त्यांच्या उजव्या हाताला दुसरी रिकामी, हिरवी-पांढरी, स्वच्छ, पट्टी न पट्टी ताणलेली. तिच्यावर स्टॅनची बेसबॉलची टोपी.

"आलास? जागा रिकामीच दिसली, मला वाटलं, विसरलास."

"आयरीनबाई... ही स्टॅनची खुर्ची?"

"मग कुणाची? गॅरेजमधून आत्ता आणली. स्टॅननं आयुष्यात कधी चांगली खुर्ची रात्रभर रस्त्यावर ठेवली नाही. तो जागा धरायला नेहमी मोडकं काहीतरी ठेवायचा."

माझ्या हातातल्या खुर्चीचं वजन एकदम दहा पौंडांनी वाढलं. "मग ही कुणाची?"

"तुझी!"

"माझी?"

"सहा वर्षांपूर्वी तू कचऱ्यात टाकलीस ना? स्टॅननं उचलून आणली. म्हणाला, बघ ही तार कशी बांधलीये, असं काम फक्त नॉर्बच करू शकतो. हसून हसून लोळला होता!"

"आपल्या गॅरेजच्या दाराची तार!" पॉलीन मागून म्हणाली. "तरीच!"

डफीनं ऐकलं असणार, कारण त्याला अचानक आभाळात काहीतरी दिसायला लागलं. दूरवर बँडचा ढोल सुरू झाला. मी ती खुर्ची घेऊन निमूट परत फिरलो, तर आयरीनबाईंनी माझी बाही धरली.

"कुठे चाललास? मांड ना इथे. तुझ्यासाठीच तर जागा धरायला दिली होती. बेचाळीस वर्षं पलीकडून हात केलास, या वर्षी त्याच्या शेजारी बस."

मी मान हलवली आणि स्टॅनच्या टोपीशेजारी खुर्ची मांडली.

"पण मग आयरीनबाई, माझ्यासाठी हीच का?"

"मोडली तर दुसऱ्या कुणाला लागायला नको," त्या म्हणाल्या.

मी बसलो. बँड गेला, अग्निशमनची गाडी गेली, महापौर गेले, दोन तास मिरवणूक चालली, आणि मी पूर्ण वेळ अर्धा उठलेलाच होतो.